‘संग्रहित’मधली माणसं

साकोलीच्या बसस्टँडजवळ आमचं फोटो-फ्रेमचं दुकान आहे. दुकान रमेशभाऊंचं. काउंटर मी सांभाळते, काच आणि पट्ट्या शोभाताई कापते. अशा दुकानात काचेचे तुकडे जमतात तशा गोष्टीही जमत जातात. तुकडे निदान झाडून टाकता येतात.

गिऱ्हाईकं फोटो दुकानाच्या फोनवर, बिझनेस ॲपमध्ये पाठवतात. बरेचसे गेलेल्या माणसांचे, तेरवीसाठी. रमेशभाऊंना ते सोसत नाही. "सकाळी फोन उघडला का मेलेलेच पाहून राहतात माह्याकडे," म्हणतात आणि फ्रेम गेली की, कधी त्याआधीच, ती चॅट अंगठ्याने बाजूला सरकवतात. सरकवलेली चॅट पुसली जाते, असं त्यांना वाटायचं. आम्हालाही.

*

एका मुलीने वडिलांचा फोटो पाठवला. पांढरी टोपी, गंभीर चेहरा. भाऊंनी फ्रेम व्हायच्या आधीच ती चॅट सरकवली. मुलीचे पुढचे निरोप कोणाला दिसलेच नाहीत. शेवटी टोपीवाले काका स्वतः दुकानात आले. शोभाताईने हातातली पट्टी खाली ठेवली.

"माहा फोटो झाला का? निवृत्तीचा सत्कार आहे."

"काका, तुम्ही..." म्हणून भाऊ थांबले.

"जिता आहो," काका म्हणाले. "घरून निघालो तवा तरी होतो."

*

वरठीच्या एका बाईंच्या सासूबाईंचा फोटो होता. आमच्याकडे बाईमाणसाच्या फोटोला कुंकू काढायची पद्धत, कोणी विचारतही नाही. बाई फ्रेम न्यायला आल्या आणि बघतच राहिल्या.

"दादा, आम्ही बौद्ध आहो. कुंकू नका लावू म्हणून दोनदा लिहून पाठवलं होतं."

भाऊ फोन चाळायला लागले. चॅटच सापडेना. बाई चिडल्या नाहीत. फ्रेम उलटी करून बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "करा दुसरा. मी बसते. जिवंतपणी तिनं कधी लावलं नाही."

शोभाताईने लगेच दुसरी पट्टी कापायला घेतली.

*

त्या गेल्यावर मी फोन घेऊन बसले. निरोप येऊन असा जातो कुठे? यादी खाली ओढली तर अगदी वर एक ओळ आली, ‘संग्रहित’. उघडली, तर सगळे तिथेच होते. चॅट दाबून धरली की वर एक खूण येते, ती दाबली की चॅट परत बाहेर. नवा निरोप आला तरी चॅट आतच ठेवायची, असंही सेटिंग चालू होतं. ते मी बंद केलं.

मग एकेक वाचायला घेतलं. एका चॅटमध्ये होतं, "दादा, तयार झाला का?" त्याखाली, "उद्या तेरवी आहे." त्याखाली, "राहू द्या आता."

भाऊ माझ्या खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "याले काय उत्तर देऊ?"

शोभाताई म्हणाली, "आता कायले देता?"

*

पुढच्याच आठवड्यात तलावाकाठच्या गावातली एक बाई आली. नवरा मासे धरायचा, तापाने गेला. त्याचा फोन तलावात पडलेला.

"आधारवरचा फोटो आहे, पण पोरगी म्हणते हे बाबा नाहीत. त्याईनं तुमाले एक फोटो धाडला होता. तेवढा पाहून द्या ना बाई."

तिने नंबर सांगितला. तो ‘संग्रहित’मध्येच निघाला. भाऊंच्या अंगठ्याने तो न बघताच आत ढकलला होता. मी चॅट बाहेर काढली. फोटो उघडला.

भला मोठा मासा होता. तो धरलेले दोन हात होते. वर माणसाचा चेहरा आलाच नव्हता.

तिने फोन माझ्या हातातून घेतला. फोटोखाली एक आवाजी निरोप होता, तिचं बोट त्यावर पडलं. दुकानात तिच्या नवऱ्याचा आवाज आला.

"भाऊ, फोटो मोठा करून ठेवजा. मासा पूरा आला पाह्यजे. माहं तोंड नाही आलं तरी चालते."

बाईने तो पुन्हा लावला. पुन्हा ऐकला.

भाऊ हळूच म्हणाले, "वहिनी, आधारवरचाच साफ करून देतो. चांगला करतो."

"नाही," ती म्हणाली. "हाच करा. अन् शेपटी कापू नका."