देऊळ कोणी बांधलं?

बेंगळुरूजवळ येलहंक्याला आमच्या घरामागच्या जुन्या देवळात एक गृहस्थ रोज संध्याकाळी पायरीवर बसलेले असतात. कित्येक पिढ्या इथेच रुजलेलं मराठी घराणं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कोणी नवखा दिसला की ते आधी गाव विचारतात आणि मग डोळे मिटून, आवाज खाली आणून देवळाचा इतिहास सांगतात. मी पुण्याचा, म्हणून मला म्हणाले, "मराठ्यांच्या सरदारानं बांधलंय हो." शेजारच्या तमिळ बाईंना मात्र त्यांनी चोळांचं नाव सांगितलं होतं आणि हासनच्या कानडी मास्तरांना होयसळ राजांचं.

यंदा रथोत्सवाच्या सकाळी व्हायचं तेच झालं. रथाच्या दोराला पहिला हात कोणाचा, यावरून आमची तिघांची जुंपली. "देऊळ आमच्या लोकांनी बांधलंय, अण्णांनीच सांगितलंय!" असं तिघंही ओरडत होतो. मग आम्ही एकदम अण्णांकडे वळलो.

अण्णांचा चेहरा उतरला. उपरणं सावरत ते म्हणाले, "सरी, सरी, बरं बरं. मुहूर्त टळतोय. आधी ओढा, मग सांगतो," आणि त्यांनी स्वतःच दोर खांद्यावर घेतला. सत्तरीच्या माणसाला एकट्याला कसं ओढू द्यायचं? भांडण सोडून आम्ही सगळे धावलो. रथ कुरकुरत हलला.

वळणावर दम खाताना मी हळूच विचारलं, "अण्णा, खरं कोणी बांधलं?"

"मला काय ठाऊक?" घाम पुसत ते म्हणाले. "पण रथ फार जड आहे हो. प्रत्येकाला देऊळ आपलं वाटलं नाही, तर ओढायला येणार कोण?"