हळद लागलेलं खोकं

खुशालरावांना मूर्तिजापुरात सगळे ‘बहिरे काका’ म्हणायचे, अगदी तोंडावर, कारण त्यांना ते ऐकूच यायचं नाही. तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये काढली, यंत्रांच्या खडखडाटात कान गेले. कानाच्या मशीनचं नाव काढलं की चिडायचे. माझ्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात आले की खुशाल रांगेत घुसायचे आणि कुणी शिव्या घातल्या तर हसून रामराम करायचे.

त्या दिवशी मात्र ते रांगेत घुसले नाहीत. सगळे गेल्यावर बसले आणि अमरावतीच्या डॉक्टरांचा कागद माझ्यापुढे ठेवला. सुभद्राकाकूंच्या घशात कॅन्सरची गाठ. दसऱ्यानंतर ऑपरेशन, त्यात स्वरयंत्रच काढणार. जीव वाचेल, आवाज जाईल.

“धर्मेंद्र, सात वर्सं झाले, मले तिचा आवाज आला नाई,” ते म्हणाले. “तो जाच्या आंधी एक डाव आयकू दे बाप्पा. मागव ते मशीन.”

मी लगेच मोबाईलवरून मागवलं. चार दिवसांत आलंही. खोकं घेऊन मी त्यांच्या घरी गेलो, कात्री काढली, तर काकूंनी माझा हात धरला. त्यांचा आवाज तेव्हाच बसलेला होता.

“उघडू नोको. कालपासून पितरं लागले. नवमीले माह्या सासूची तिथ हाय. घटस्थापनेले उघडू.”

काका त्यांच्या ओठांकडे बघत मान हलवत होते. बायकोचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता, ऐकू येत होतं तेव्हाही आणि येईनासं झालं तेव्हाही.

वस्तू सात दिवसांतच परत करता येईल, हे मी मागवताना वाचलं होतं. तरी बोललो नाही. आमच्या घरीही पितृपक्षात नवा सदरा घालत नाहीत. शिवाय नव्या कोऱ्या मशीनला काय धाड भरणार आहे, असा माझा शहाणपणा! खोकं देवघरात गेलं. काका रोज आंघोळ करून त्याला हात लावून यायचे.

घटस्थापनेला काकूंनी खोक्याला हळदकुंकू वाहिलं. मशीन बाहेर काढलं तसं त्यालाही बोट लावलं. मी ते चार्ज करून काकांच्या कानात बसवलं. हिरवा दिवा लागला. काकू पदर सावरत वाकल्या, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, “खुशालराव.”

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. फाटलेल्या, घोगऱ्या आवाजात, लाजत घेतलं. ते मला ऐकू आलं. काकांना आलं नाही. ते तसेच हसऱ्या तोंडाने वाट बघत राहिले. काकूंनी पुन्हा नाव घेतलं नाही. मशीन मुकं निघालं होतं.

मग कंपनीला फोन. “सर, परत करण्याची मुदत संपली आहे,” पोरगी म्हणाली. मी म्हटलं, “बाई, पितरं होती.” ती म्हणाली, “सर, हे कारण यादीत नाही.” दरवेळी नवा माणूस, दरवेळी तक्रार पहिल्यापासून. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला, तो कुठून आणू? मी इतका ओरडायचो की दुकानातली माणसं निघून जायची. शेवटी कुणाला तरी दया आली, खास बाब म्हणून मशीन बदलून देऊ म्हणाले. अष्टमीला त्यांचा माणूस आला. त्याने खोकं फिरवून बघितलं, फोटो काढला.

“भाऊ, ह्याले हळद लागली हाय. वापरलेली वस्तू म्हनतीन ते. मले नेता नाई येत.”

काकू पदराने डाग पुसायला लागल्या. हळद ती, आणखीच पसरली. “माह्यामुळं झालं,” त्या म्हणत होत्या, “माह्यामुळं.” मला सांगायचं होतं, काकू, मी वाचलं होतं. सांगितलं नाही. आज हे लिहिताना पहिल्यांदा सांगतो आहे.

अकोल्यात दुकान आहे, पण कान तपासून, साचा घेऊन मशीन यायला तीन आठवडे. ऑपरेशन पुढे ढकलायला डॉक्टर तयार होईनात.

अकोल्याचं मशीन दिवाळीच्या तोंडावर आलं. मी ते कानात बसवलं आणि काका दचकले. नळाचं पाणी, चिमण्या, रस्त्यावरची मोटरसायकल, सगळं एकदम आत शिरलं. काकू गळ्याला पट्टी बांधून समोर बसल्या होत्या. त्यांनी पाटी मांडीवर घेऊन लिहिलं, ‘येते का आयकू?’

“पेनशिलीचा आवाज येऊन राह्यला,” काका म्हणाले.

मग माझ्याकडे वळले. “धर्मेंद्र, घटस्थापनेले हे माह्या कानात काय बोल्ली होती रे? तू तं होता.”

काकूंनी मान खाली घातली.

“तुमचं नाव घेतलं होतं, काका.”

“माहं नाव?” त्यांनी एकदा काकूंकडे बघितलं आणि मशीनचा कान माझ्याकडे केला. “कसं घेतलं? म्हनून दाखव.”

मी म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

“नाई,” ते म्हणाले. “असं नसन घेतलं तिनं.”