बरोबर उत्तरावरची काट

मी वटार गावची, शाळा नालासोपाऱ्यात. पंचवीस वर्षं गणित शिकवतेय, पण कुणाला पटकन 'बरोबर' म्हटल्याचं मला आठवत नाही. पोरांनी उत्तर दिलं की मी भुवई उडवून विचारणार, "नक्की?" उत्तर अगदी बिनचूक असलं तरी. वर्ग ओरडायचा, "नक्की, टीचर!" मग मी हसायची आणि पोरांना काय ते कळायचं.

मागच्या वर्षी दहावीच्या बीजगणितासाठी मी चॅटबॉट बनवला. मे महिन्याची अख्खी सुट्टी त्यात घातली. घरचे म्हणाले, वेड लागलंय हिला. माझ्या सगळ्या सरावपत्रिका त्याला दिल्या आणि सूचना लिहिली: प्रत्येक उत्तराला आधी 'नक्की?' विचार, मूल ठाम राहिलं तरच बरोबर की चूक ते सांग. काय खूश होते मी स्वतःवर! हुबेहूब माझ्यासारखा बोलतो म्हणून स्टाफरूमभर दाखवत फिरले.

पूर्वपरीक्षेच्या आधी आचोळ्याच्या एका मुलीला कावीळ झाली. गणितात चांगली, पण भारी बुजरी. आई घरीच इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवते. त्या आईच्या मोबाईलवर मी चॅटबॉट सुरू करून दिला आणि मुलीला म्हटलं, "काळजी करू नकोस गं, मीच आहे समज त्यात." दीड महिना ती अंथरुणात बसून त्याच्याबरोबर गणितं सोडवत होती. रोज किती वेळ बसली ते मला दिसायचं, बरं वाटायचं. आत काय चाललंय ते उघडून वाचायला मात्र या टीचरबाईंना सवड नव्हती.

बोर्डाचा निकाल लागला. गणितात नापास! माझा विश्वासच बसेना. आईला अर्ज करायला लावून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. पानापानावर बरोबर उत्तर, त्यावर काट आणि खाली चुकीचं उत्तर. मग तिचं चॅटबॉटवरचं सगळं बोलणं उघडलं. पहिलं उत्तर बरोबर. "नक्की?" तिने बदललं. "नक्की?" पुन्हा बदललं, आणि मोबाईल बंद. दीड महिना हेच. माझं हसू त्या यंत्रात कुठून येणार होतं? एवढी साधी गोष्ट मला सुचू नये! दीड महिन्यात त्या पोरीला एकदाही कुणी 'बरोबर' म्हटलं नव्हतं.

मी तडक तिच्या घरी गेले. आई खडे चिकटवत होती आणि आता शेजारी तीही. मी झेरॉक्स पुढे ठेवली. "हे बघ, तुला सगळं येत होतं गं. चूक माझी झाली. जुलैच्या पुरवणी परीक्षेला पुन्हा बस, मी रोज येऊन शिकवते."

आई म्हणाली, "टीचर, तुम्ही म्हणाल तसं." मुलीने झेरॉक्सकडे पाहिलंसुद्धा नाही. मी हट्टाने वहीच्या पानावर एक समीकरण लिहून दिलं. तिने ते मनातच सोडवलं आणि उत्तर लिहिलं.

"बरोबर!" मी जवळजवळ ओरडलेच. "अगदी बरोबर आहे बाळा!"

तिने मान वर केली. "मला बरं वाटावं म्हणून म्हणताय ना, टीचर?" असं म्हणाली आणि पुढचा खडा उचलला.