आत्याबाईंचा चावीचा मोर

एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराला लग्न होऊन मी नाशकात आले, तेव्हा सासरी मला सगळ्यांत धाक वाटायचा तो आत्याबाईंचा. आत्याबाई म्हणजे मामंजींची धाकटी बहीण. लहान वयातच वैधव्य घेऊन माहेरी परतलेल्या. बोलायच्या कमी, आणि बोलल्या की समोरचा गप्प व्हायचा. त्यांच्या खोलीत एक हिरवी पत्र्याची ट्रंक होती. तिला हात लावायचा नाही, असं सासूबाईंनी मला आल्याआल्याच बजावलं होतं.

माहेराहून मी शिवणयंत्र आणलं होतं. एका दुपारी त्याला तेल घालत होते, तर आत्याबाई दारात उभ्या.

"हे तेल गोठतं का गं?"

"नाही आत्याबाई. खोबरेलासारखं नसतं हे."

त्या जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "ये माझ्याबरोबर. बुधली घेऊन ये."

आणि ती ट्रंक त्यांनी माझ्यासमोर उघडली! डांबरगोळ्यांचा भपकारा आला. आत धोतराच्या मऊ फडक्यांत गुंडाळलेली खेळणी होती. जर्मन बनावटीची, महायुद्धाच्याही आधीची. मोटार, ढोल वाजवणारं अस्वल, दाणे टिपणारी कोंबडी आणि एक मोर. प्रत्येकाची चावी दोऱ्यानं त्याच्या गळ्यात बांधलेली.

"नऊ वर्षांची होते, मुंबईला सासरी गेले तेव्हा," आत्याबाई म्हणाल्या. "माहेरच्या आठवणीनं रडायचे. मग कामावरून येताना आमचे हे एकेक खेळणं घेऊन यायचे. पुढे प्लेगात गेले." एवढंच सांगून त्यांनी कोंबडी माझ्या हातात दिली. "अगं, शेपटीला नको धरूस. पोटाखाली हात घाल."

किती जपली होती त्यांनी ती! दमट हवा लागू नये म्हणून कोपऱ्यात चुनकळीची पुरचुंडी. रंग उडू नये म्हणून ऊन कधी दाखवायचं नाही, सावलीतच वारा द्यायचा. ट्रंकेत ठेवताना चावी पूर्ण उतरवून आतली स्प्रिंग सैल करायची. "कमान ताणलेली राहिली की तिचा जीव जातो," त्या म्हणायच्या. चुकलं होतं ते एकच. गंज चढू नये म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं आत खोबरेल सोडलं होतं. त्याचा चिकटा होऊन सगळी चाकं जाम झाली होती.

मग आमच्या दुपारी त्याच उद्योगात जायला लागल्या. खेळण्याच्या पत्र्याच्या दुमडलेल्या कडा हलक्या हातानं उलगडायच्या, काडीला कापूस गुंडाळून रॉकेलनं दाता न् दाता पुसायचा, सुकला की यंत्राच्या तेलाचा जेमतेम थेंब. पहिली कोंबडी सुटली! टकटकटक करत ती फरशीवर चोच मारायला लागली, आणि मी ओरडलेच. सासूबाई हातात झारा घेऊन धावत आल्या. काय झालं म्हणून विचारायचं सोडून त्याही खाली बसून बघायला लागल्या.

मोर मात्र चालेना. चावी नुसतीच फिरायची. भद्रकालीत एक म्हातारे मुसलमान घड्याळजी होते. आमच्या ह्यांच्याबरोबर मोर पाठवू म्हटलं, तर आत्याबाईंनी मान हलवली. "परक्या हातात तो एकटा जायचा नाही. मी येते." नदी आणि देऊळ सोडून कुठेही न जाणारी ही बाई मोर पदराखाली घेऊन माझ्याबरोबर टांग्यात बसली.

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं. "माँजी, कमानीचं टोक तुटलंय. बाकी जनावर ठणठणीत आहे." त्यांनी टोक दिव्यावर तापवलं, नवा आकडा वळवला आणि चावी आत्याबाईंच्या पुढे केली. "तुम्हीच द्या."

मोर दोन पावलं चालला, थांबला आणि त्यानं खर्रकन पिसारा उघडला. दुकानातली गिऱ्हाइकं "वाहवा!" म्हणाली. आत्याबाई हसल्या. त्यांच्या गालाला खळी पडते, हे मला तेव्हा कळलं.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. आरास मांडताना सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "खेळणी ठेवू या का?" आत्याबाईंनी ती पुसून बाहेर दिली आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. विधवा बाईनं हळदीकुंकवाला समोर यायचं नाही, अशी तेव्हाची रीत. अंगण बायकांनी भरलं. डाळ-पन्ह्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. "मोर चालवा ना!" एकच गलका. मी चावी दिली, मोर गालिच्यावर एक पाऊल टाकून आडवा झाला. पुन्हा उभा केला, पुन्हा आडवा.

आतून आवाज आला, "अगं, गालिच्यात पाय अडकतात त्याचे! पाट दे त्याला!"

सगळ्यांच्या माना आतल्या दाराकडे वळल्या. मग सासूबाई उठल्या आणि थेट आतल्या दाराशी गेल्या.

"वन्सं, बाहेर या. तो मोर तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

"वहिनी, आज? लोक काय म्हणतील?"

"लोक मोर बघायला थांबलेत."

मागून एक म्हातारी सवाष्ण म्हणाली, "या हो, या. उशीर नका करू!" आत्याबाई उंबऱ्यापाशी आल्या, थबकल्या, आणि मग पोरींनी करून दिलेल्या वाटेनं आराशीपुढे येऊन बसल्या. त्यांनी पाट सरळ केला. चावी दिली. पिसारा उघडला तशी अंगणभर टाळ्या पडल्या. मग अस्वल, मग मोटार, पुन्हा मोर. पोरीबाळी त्यांच्या मांडीला खेटून बसल्या होत्या, आणि त्या दटावत होत्या, "जोर नको लावूस गं! हाताला जड लागलं की थांबायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सून चावीची बंद पडलेली आगगाडी घेऊन दारात हजर. आत्याबाई सोवळ्यात जप करत होत्या.

"त्या कोनाड्यात ठेव, मला शिवू नकोस," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बोटांतली माळ भराभरा पुढे सरकायला लागली.