वहीतली फौजदारीण

दहावीत असताना आमच्या मराठीच्या बाईंनी एक काम दिलं होतं. "पुढे कोण व्हायचंय, ते मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "एक माणूस तयार करा. तुमच्यासारखाच, पण पंधरा वर्षांनी मोठा. त्याला नोकरी द्या आणि त्याचा एक दिवस लिहा."

मी फौजदारीण तयार केली. तिला नाव दिलं नाही. खाकी कपडे आणि काठी दिली. पहिल्याच पानावर तिने एका दारुड्याचे दोन दात पाडले. दुसऱ्या पानावर तिने एकाला आमच्या कोसाडच्या बिल्डिंगच्या जिन्यावरून फरफटत खाली आणलं, पायरीपायरीला त्याचं डोकं आपटत. लिहिताना माझे कान गरम व्हायचे. हा माणूस कोण, ते लिहिलं नव्हतं. पण मला ठाऊक होतं, तो माझा मोठा भाऊ होता.

भाऊ पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवायच्या कामाला होता. वडील गेल्यापासून घर त्याच्यावर चालायचं, म्हणून त्याला कोणी काही बोलत नसे. भाजीत मीठ कमी पडलं, दार उघडायला उशीर झाला, की वहिनीला मार. आई भिंतीकडे तोंड करून बसायची.

बाईंनी वही वाचली. "मारते छान," त्या म्हणाल्या. "पण मारून झाल्यावर ही काय करते?"

त्याच रविवारी दुपारी भावाने वहिनीचे केस धरले आणि तिचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. पाणी लाल झालं. आई ओरडली, "मारी टाकशी का रे तिले!" कपडे धुवायचं धोपटणं तिथेच पडलं होतं. मी ते उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्याने केस सोडले, तरी मी थांबले नाही. खांद्यावर, पाठीवर, तो खाली बसला तेव्हा पुन्हा त्याच हातावर. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. आईने मला मागून धरलं, तर तिलाही मी कोपर मारलं. तिचा ओठ फुटला. ते पाहिलं तेव्हा कुठे माझा हात खाली आला.

रिक्षातून दवाखान्यात जाताना वहिनी डोक्याला टॉवेल दाबून माझ्या कानाशी म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला? बरा झाला की माझाच जीव घेईल." मला वाटलं होतं, ती माझा हात धरेल.

एक्स-रेच्या खोलीत फोटो काढणारी एक तरुण बाई होती. "पडी गयो," भाऊ तिला गुजरातीत म्हणाला. त्याचा सुजलेला हात तिने हळूच प्लेटवर ठेवला, "थोडुं दुखशे, हं," म्हणाली. भाऊ हुंदके देऊन रडला.

मग वहिनीच्या डोक्याचा फोटो काढताना तिचा एक हात नीट वळत नाही हे त्या बाईला दिसलं, म्हणून हाताचाही काढला. त्यात एक जुनं मोडून आपोआप जुळलेलं हाड दिसलं. घरात कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. त्या बाईने आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि वहिनीशी बराच वेळ बोलत बसली. वहिनी बाहेर आली ती कोणाकडेच न बघता.

त्या आठवड्यात मी वहीतल्या बाईची नोकरी बदलली. काठी काढून घेतली. ती आता माणसांची हाडं बघायची आणि दार लावून विचारायची. मराठीच्या बाईंना वही दाखवली, तर त्या इतकंच म्हणाल्या, "आता हिचा दिवस दिसतो."

डोक्याचे टाके निघाल्यावर वहिनी बारडोलीला बहिणीकडे गेली, ती परत आली नाही. भावाचं मनगट वाकडंच जुळलं. आई महिनाभर मला ताट वाढायची, पण बोलायची नाही.

मी एक्स-रेचाच कोर्स केला. आता शहरातल्या एका दवाखान्यात तेच काम करते. राग गेलेला नाही. बाहेर बाकावर कोणी नवरा बायकोवर खेकसला की मूठ आपोआप वळते. वहिनी दिवाळीला फोन करते, तब्येत विचारते, तिच्या स्वयंपाकाच्या कामाचं सांगते. त्या दुपारबद्दल ती अजून एक शब्द बोललेली नाही. मीही विचारत नाही.