जप्तीच्या स्कूटरमधली यादी

मी ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमध्ये एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. कुणी भूतबित म्हटलं की त्याची पार उलटतपासणी घेणारा माणूस मी. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजल्यासारखं होतंय... पण वाचून कुणाला काही सुचलं तर मला हवंच आहे.

आम्ही इथल्याच लष्कर भागात राहतो — मी, बायको अनघा, चार वर्षांची ईरा आणि आई. आई निवृत्त शिक्षिका. तीन वर्षांपूर्वी तिला पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणंही बऱ्यापैकी. उजवा हात मात्र लुळाच राहिला. डॉक्टरांनी रोज पेन धरायला सांगितलं होतं, पण ती हातच लावेना. "आयुष्यभर पोरांचं अक्षर सुधारलं, आणि आता मी कोंबडीचे पाय काढू?" म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात अनघाला ऑफिसला जायला स्कूटर हवी होती. जप्त केलेल्या, कुणी सोडवून न नेलेल्या गाड्यांचा सरकारी लिलाव होता, तिथे गेलो. मैदानभर धुळीत गाड्यांच्या रांगा, काहींच्या चाकांतून वेल वर आलेले. बोली लावणारे बहुतेक भंगारवाले. एका करड्या स्कूटरपाशी मी रेंगाळलो.

"ले लो साब, इंजन अच्छा है," तिथला हवालदार म्हणाला. "छह साल से खड़ी है. चाबी मिली नहीं, तो डिक्की भी किसी ने नहीं खोली."

खरंच — सीटच्या सांध्यावर ठाण्याचा कागदी पट्टा चिकटवलेला होता. सही, शिक्का, तारीख. पिवळा पडलेला, पण कुठे फाटलेला नाही. हे मी स्वतः पाहिलंय.

स्कूटर मला मिळाली. कागदपत्रं झाल्यावर टेम्पोतून घरी आणली आणि भर दुपारी चाबीवाल्याला बोलावलं. माझ्या आणि अनघाच्या डोळ्यांदेखत पट्टा कापला, कुलूप उघडलं. आत एक फडकं होतं आणि चार घड्या घातलेला वहीचा कागद.

कागदावर वाणसामानाची यादी होती. मराठीत! ग्वाल्हेरमध्ये मराठी घरं पुष्कळ आहेत, ते ठीक. भगर, राजगिरा, दाल बाज़ारातून हरभऱ्याची डाळ. आणि शेवटची ओळ — 'मुंगूबाईला चपला'.

अनघानं माझा दंड धरला. मुंगूबाई म्हणजे आमची ईरा. ती जन्मली तेव्हा आईनंच हे नाव ठेवलं. आमच्या घराबाहेर हे नाव कुणी घेत नाही. आणि स्कूटर जप्त झाली तेव्हा ईरा जन्मलीही नव्हती.

अक्षर ओळखीचं वाटत होतं, पण कुठंतरी बिघडलेलं.

आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून कागद उलटासुलटा केला. घाबरेल असं मला वाटलं होतं. पण बाईंचे डोळे चमकले!

"वळण माझंच आहे रे. पण मी एवढं गचाळ कधी लिहिलंय?"

"मग कुणी लिहिलं, आई?" अनघानं विचारलं.

"ते मला काय विचारतेस? याला विचार, हा फिजिक्सवाला."

मी दुसऱ्या दिवशी परत लिलावाच्या जागी गेलो. हवालदारानं रजिस्टर काढून दाखवलं. नोंद सहा वर्षांपूर्वीचीच, चेसिस नंबर तोच, मालकाचा पत्ता लागलेला नाही. "क्यों साब, कुछ निकला क्या अंदर से?" त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. काय सांगणार होतो?

घरी आलो तर आई टेबलाशी बसलेली. डाव्या हातानं उजवा हात धरून पेन टेकवत होती. दोन वर्षं आम्ही विनवण्या केल्या, तेव्हा ऐकलं नाही. "अक्षर जुळतं का, ताडून तर बघू," एवढंच म्हणाली.

मग ती रोज बसू लागली. आधी नुसत्या रेघा, मग अक्षरं. तीन महिन्यांनी पहिलं पूर्ण वाक्य लिहिलं. अनघानं तो कागद त्या यादीशेजारी ठेवला आणि आम्ही तिघंही वाकून पाहू लागलो. 'र'चा पाय तसाच तुटका. 'ळ'चा दुसरा गोल तसाच उघडा राहिलेला. आईच्या जुन्या वह्या काढल्या, तर त्यात दोन्ही अक्षरं अगदी नेटकी.

"हे जुन्या आईंचं अक्षर नाही," अनघा हळूच म्हणाली. "आत्ताच्या आईंचं आहे."

मी सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या. कुणाची थट्टा? योगायोग? चाबीवाल्याचा काही हात? एकही टिकत नाही. सील मी पाहिलं होतं, आणि तेव्हा आईला पेन धरताच येत नव्हतं.

आता आई इंदूरच्या मावशीला पत्रं लिहिते, ईराच्या वह्यांवर नाव घालते. वाणसामान मात्र तोंडी सांगते. यादी अनघा करते. मी एकदा विचारलं, "तूच का नाही लिहीत?"

"नाहीच लिहिणार," ती हसून म्हणाली. "मी कधी लिहिलीच नाही, तर तो कागद आला कुठून? बघू तर खरं, काय होतं ते."

आणि खरं सांगू? यादी लिही म्हणून मीही तिला कधी आग्रह केलेला नाही.