काळगरुडाची बायको

उदगीरच्या मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रेवणसिद्धचं मोटारी भरायचं दुकान होतं, मागेच घर. जळालेली बोअरची मोटार समोर उघडी पडलेली असायची, हात तांब्याची तार गुंडाळत असायचे आणि तोंड अखंड चालू असायचं. विषय ठरलेला: मुखवटा घालून जग वाचवणाऱ्या वीरांचे सिनेमे आणि मालिका. मोटार घ्यायला आलेला शेतकरी घाईत असला तरी त्याला अर्धा तास ऐकावंच लागे.

त्याचा जीव होता 'काळगरुड' या हिंदीत डब झालेल्या मालिकेवर. काळगरुडाचं काम आजवर तीन नटांनी केलं होतं. सगळं गाव पहिल्या नटाचं भक्त, कारण तो उंचापुरा आणि देखणा. रेवणसिद्ध एकटा दुसऱ्याच्या बाजूने भांडायचा.

"अर्ध्या तोंडावर मुखवटा चढवला की नटाजवळ उरतंय काय? हनुवटी," तो सांगायचा. "हनुवटीनं जो भ्याल्यालं दाखवतोय त्यो नट. बाकीचे नुसते कसरतवाले हायेत."

कुणी चुकीचं बोललं की त्याला राहवत नसे. एकदा शेजारच्या टायरवाल्या नरसिंगने दुसऱ्या नटाला 'मरतुकडा' म्हटलं, तर रेवणसिद्ध त्याच्याशी चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी बोलला, तोही त्याच वादाचा उरलेला भाग पुरा करायला.

त्याची बायको महादेवी या सगळ्याला विटली होती. जेवताना तेच, झोपताना तेच. चैत्रातल्या एका सकाळी ती भाकरी थापत होती आणि तो तिला मालिकेच्या शेवटच्या भागाविषयी समजावत होता. तवा तापला होता, नळाचं पाणी जायच्या बेतात होतं. ती बोलून गेली, "तुमचं तोंड एकदाचं बंद होईल का?"

त्याच दुपारी दुकानात त्याच्या हातातून तार गळून पडली, उजवं अंग लुळं पडलं. नरसिंगने त्याला जीपमध्ये घालून लातूर गाठलं. जीव वाचला. उजवा पाय महिनाभरात थोडा उचलू लागला, हात तसाच राहिला. वाचा मात्र गेली. त्याला सगळं कळायचं, पण बोलायला गेला की तोंडातून नुसती हवा यायची. सकाळी आपण काय बोललो ते महादेवीने कुणालाच सांगितलं नाही, पोटच्या मुलीलाही नाही.

वाचा शिकवणाऱ्या लातूरच्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. पहिले सहा महिने महत्त्वाचे. पुढेही सुधारणा होते, पण हळूहळू. घरात त्यांच्याशी बोलत राहा, त्यांना गोडी असलेल्या विषयावर बोला.

महादेवीने आधी नात्यागोत्याचं बोलून पाहिलं, मग पावसापाण्याचं, मग दुकानाचं. तो छताकडे बघत राहायचा. चार महिने गेले. नांदेडला शिकणारी मुलगी मंजुषा फोनवर म्हणाली, "अव्वा, अप्पांना वाद लागतो. तू त्यांच्या मालिकेवर काहीतरी उलटं बोल."

दुसऱ्याच दिवशी महादेवी त्याच्या खाटेजवळ बसली आणि म्हणाली, पहिला नटच बरा, दुसरा काही कामाचा नाही. रेवणसिद्धने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. जन्मभर खोटा अभिनय पकडत आलेला माणूस. बायकोचा त्याला कळणार नाही होय? त्याने डोळे मिटून घेतले. तिने आठ दिवस नेटाने तेच चालवलं. आठव्या दिवशी त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, तेव्हा ती न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली.

सहावा महिना लागला. आता दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून ती रोज दुपारी टीव्ही लावून मालिका पहिल्या भागापासून त्याच्या शेजारी बसून बघू लागली. डाव खेळायचं त्राण संपलं होतं, ती नुसती बघत होती. काळगरुड कोण, त्याचा वैरी कोण, हे कळायलाच तिला आठवडा लागला. मग हळूहळू ती गुंतली. दुसऱ्या नटाच्या हनुवटीचं नवऱ्याचं म्हणणं खरं आहे, हेही तिला दिसलं. पण तिची नजर दुसरीकडेच जात होती.

काळगरुडाला एक बायको होती. नवरा कोण आहे ते तिला ठाऊक होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं. तो बाहेर उडायचा, ती घरात बसून त्याचा फाटलेला अंगरखा शिवायची. रेवणसिद्ध या नटीला कायम 'रडूबाई' म्हणायचा. ती आली की चहा प्यायला उठायचा.

एका दुपारी मालिकेत काळगरुड जखमी होऊन घरी आला होता. बायकोने दार उघडलं, त्याला पाहिलं आणि काही न बोलता आधी दाराची कडी लावली. रडली नाही, धावली नाही. कडी लावताना तिचा हात दोनदा चुकला, एवढंच.

महादेवी एकदम बोलायला लागली. नवऱ्याशी बोलतो आहोत याचंही तिला भान नव्हतं.

"बघा, हात बघा तिचा. तुम्ही इतकी वर्षं हनुवटी बघत राहिलात, ह्या बाईचा हात कधी बघितला? सगळ्या मालिकेत खरं काम हिनं एकटीनं केलंय. तुमचा दुसरा नट न्हाई अन् पहिला बी न्हाई. त्यो पडतोय, उठतोय, लोक टाळ्या वाजवतेत. हिनं बोलावं तरी कुणाजवळ? अन् तुम्ही तिला रडूबाई म्हणता. एकदा तरी रडली का ती?"

तिचा आवाज चढला होता. डोळे टीव्हीवरच होते.

"न्हाई."

तिला वाटलं टीव्हीतला आवाज. मग तिने वळून पाहिलं. रेवणसिद्ध खाटेवर अर्धवट उठला होता, मान लाल झाली होती. डाव्या हाताने टीव्हीकडे बोट करून तो पुन्हा म्हणाला, "न्हाई. न्हाई."

ती थांबली नाही. आता थांबलो तर हा पुन्हा मिटेल, एवढंच तिला कळत होतं. "का न्हाई? सांगा की, का न्हाई?" ती भांडत राहिली, तोही एकाच शब्दाने भांडत राहिला, आणि आवाज ऐकून नरसिंग टायर टाकून दारात येऊन उभा राहिला.

ही आनंदाची गोष्ट तिथे संपायला हवी होती, पण आजार तसा नसतो. त्याला तो एकच शब्द आला. चहा हवा तरी न्हाई, नको तरी न्हाई, हो म्हणायचं तरी न्हाई. लातूरच्या बाई म्हणाल्या, असं होतं. कुणाचं इथून पुढे सरकतं, कुणाचं इथेच अडतं. सहा महिने उलटले, मग सात.

महादेवी आता त्या एका शब्दाचे सूर ओळखते. लांबवला तर भूक, तोडला तर राग, शेवटी खाली उतरला तर होकार. नरसिंग येऊन मालिकेचा विषय काढतो, रेवणसिद्ध त्याला न्हाई न्हाई म्हणून खोडतो, आणि कोणता मुद्दा खोडला ते महादेवी सांगते. वर आपलंही मत देते. नटीबद्दल ती एक पाऊल मागे हटत नाही.

पण एका गोष्टीची तिला आस लागली आहे, ती काही केल्या सुटत नाही. कालच तिने त्याच्यासमोर बसून विचारलं, "माझं नाव काय?"

"न्हाई," तो म्हणाला. चुकलं हे त्याला कळलं. पुन्हा जोर केला, पुन्हा तेच आलं. डाव्या हाताची मूठ त्याने खाटेवर आपटली आणि त्याचे डोळे भरून आले.

"राहू द्या तो शब्द," ती म्हणाली. "माझ्याकडं बघा. म."

तिने ओठ मिटून दाखवले. तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. बऱ्याच वेळाने त्याचे ओठ हलले, वाकडेतिकडे होत एकमेकांना टेकले. आवाज काही आला नाही. तिने पुन्हा ओठ मिटले.